मूठभर धान्य



आपल्या क्रमिक पुस्तकांत थोर पुरुषांची चरित्रे असतात, राज्यांचे उदयास्त असतात, यंत्रांच्या शोधांच्या कथा असतात. आपल्या स्वयंपाकघरात रोज सकाळी काय घडते, याचा धडा मात्र कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. म्हणून आज एका अगदी साध्या घरगुती सवयीचा पाठ आपणांपुढे ठेवावा, असे मनात आले. ही सवय म्हणजे चूल पेटण्यापूर्वी धान्याची एक मूठ दुसऱ्याकरिता बाजूला काढून ठेवणे. घरातील बायका हिला 'मूठ काढणे' म्हणतात. संस्थांच्या दफ्तरांत तिला 'मुष्टिफंड' असे भारदस्त नाव मिळाले आहे. ही सवय मला कशी कळली, ते प्रथम सांगतो. पुढे तिचे माप, तिचा हिशेब व तिचा इतिहास पाहू. आणि शेवटी आजच्या काळी ती आपल्या कोणत्या उपयोगाची, याचा विचार करू.

माझे बालपण सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मध्ये असलेल्या विश्रामबागेत गेले. आज तेथे वस्ती इतकी दाटली आहे की एक गाव कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हे परक्यास सांगता येत नाही. त्या वेळी मात्र विलिंग्डन महाविद्यालयाचा परिसर, रेल्वेचे रूळ, काही बंगले व बैठी घरे एवढे सोडले तर पुष्कळशी मोकळी राने होती. आमच्या बोळात सात घरे होती. आमच्या घरी आजीचे राज्य होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु घरातील धान्याचा हिशेब तिच्या बोटांच्या पेरांवर असे.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फळीवर, एक काळे मडके असे. पहाटे आजी उठे, तोंड धुई, आणि चुलीत काटकी घालण्यापूर्वी ज्वारीच्या डब्यातून एक मूठ भरून त्या मडक्यात टाकी. मग चूल पेटे, परात खाली येई, भाकऱ्या सुरू होत. पाहुणे असोत, आजार असो, घरात कोणाशी बोलाचाली झालेली असो, हा क्रम कधी चुकला नाही. मी एकदा विचारले, "आजी, भाकऱ्या झाल्यावर उरलेलं टाकलं तर नाही का चालणार?" ती म्हणाली, "उरलेलं गाईला घालतात, बाळा. माणसाला द्यायचं ते आधी काढायचं. आधी मूठ, मग चूल." या चार शब्दांचा अर्थ त्या वेळी मला उमगला नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या आजोबांना विचारा, म्हणजे ते या सालाची कथा सांगतील. पाऊस दगा देऊन गेला. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पूर्वेकडील भागांत तर विहिरींचे तळ दिसू लागले. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले. रेशनच्या दुकानांत अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला सर्वजण 'मिलो' म्हणत. तिच्या भाकरीला ना रंग, ना चव. पण तीही मिळाली म्हणजे घरात समाधान वाटे. अशाही दिवसांत आमच्या फळीवरचे मडके रिकामे राहिले नाही. मूठ थोडी सैल झाली असेल, पण थांबली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या बोळात एक बोरेवाली येत असे. पैसे नसले तरी ती धान्यावर बोरे देई. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. बोरांचा वास नाकात शिरला की माझे चित्त ठिकाणावर राहत नसे. आई ज्वारीच्या डब्याला हात लावू देत नव्हती. कारण त्या सालात दाणा न् दाणा मोजलेला होता. मडक्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते, असे मी मनाशी ठरविले. पहिल्या दिवशी हात थरथरला. दुसऱ्या दिवशी थरथरला नाही. चार दिवसांत चार ओंजळी मी त्या मडक्यातून काढल्या आणि बोरे खाऊन बिया रुळांपलीकडे फेकून दिल्या.

महिना संपला, तशी आजीने मडके खाली घेतले आणि मापाने धान्य मोजले. एरवी शेरावर चिपटे भरे. त्या दिवशी तीनच चिपटी भरली. आजीने मडक्यात हात घालून पाहिला, पुन्हा एकदा मोजले, आणि काही न बोलता मडके होते तेथे ठेवले. त्या रात्री ती जेवली नाही. "पोट जड आहे," म्हणाली. दुसऱ्या रात्रीही तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. आईला काळजी वाटू लागली. चौथ्या सकाळी मी जागा झालो, तेव्हा अंधारच होता. स्वयंपाकघरात दिव्याच्या उजेडात आजी बसली होती. रोजची मूठ तिने मडक्यात टाकली. मग आपल्या रात्रीच्या भाकरीची ज्वारी निराळी मोजून तीही मडक्यात ओतली. ती पोटाच्या दुखण्याने उपाशी राहत नव्हती; मी खाल्लेली बोरे ती फेडीत होती.

मला रडू कोसळले. मी तिच्यापुढे जाऊन सर्व सांगितले. तिने मला मारले नाही. जवळ बसवून घेतले आणि म्हणाली, "डब्यातली घेतली असतीस तर आपली घेतली असतीस. मडक्यातली आपली नव्हे. मूठ सुटली की ती दुसऱ्याची झाली. आपण नुसते राखणदार."

ती ज्वारी कोणाची, हे मी तिला विचारले. तिने सांगण्याचे टाळले. मी फारच हट्ट धरला, तेव्हा एवढेच म्हणाली की, सातही घरांची मूठ महिनाअखेर एका मास्तरांकडे जाते, आणि मास्तर ती शाळेतील दोघा पोरांना देतात. त्यांचे आईबाप जतच्या बाजूला खडी फोडीत आहेत. मी ताबडतोब ओळखले. त्यांतील धाकटा माझ्याच वर्गात होता. दोघे भाऊ एका लहानशा खोलीत राहत. मोठा भाऊ स्टोव्हवर भाकऱ्या भाजी. मधल्या सुट्टीत धाकटा पुष्कळदा नळावर जाऊन पाणी पिऊन येई व पुस्तक उघडून बसे. मला वाटे, त्याला अभ्यासाचे भारी वेड आहे.

मी म्हटले, "आजी, मी जाऊन त्याची माफी मागतो." त्यावर ती पहिल्यांदाच रागावली. "खबरदार! देणाऱ्याची मान ताठ आणि घेणाऱ्याची खाली, असलं देणं आपल्या घरचं नव्हे. त्याला तू त्या घरचा म्हणून कळता कामा नये. उद्यापासून तूही मूठ टाकीत जा. तुझी मूठ लहान, म्हणून दोन टाक."

त्या आठवड्यातील एक प्रसंग मी आजवर कोणाला सांगितला नव्हता. मधल्या सुट्टीत माझा डबा घरी राहिला होता. तो मुलगा माझ्याजवळ आला, फडक्यात बांधलेली भाकरी त्याने सोडली, मोडून दोन तुकडे केले, आणि मोठा तुकडा मजपुढे धरला. ती आमच्याच बोळातील ज्वारीची भाकरी होती. मी ती खाल्ली. पण घास गिळताना घशात काय दाटले होते, ते लिहून दाखविणे मला साधणार नाही. देणारा कोण आणि घेणारा कोण, हा प्रश्न त्या क्षणी माझ्यापुरता मिटला.

असो. आता या सवयीचे माप पाहू.

आपल्या भाषेत हाताने मोजण्याचे शब्द किती नेमके आहेत, हे ध्यानात घ्या. बोटांच्या टोकांत मावते ती चिमूट. बोटे मिटून धरली की मूठ. हा शब्द संस्कृत 'मुष्टि' यापासून आला. एका हाताचा तळवा खोलगट केला की पसा. दोन्ही तळवे जोडले की ओंजळ. तिचे मूळ 'अंजलि'. यापुढे लाकडी वा लोखंडी मापे येत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला व पुढे किलोग्रॅम सर्वत्र आला. तरी आजीसारख्या बायकांच्या घरी जुनी मापे बराच काळ टिकून राहिली. या सर्व मापांत हाताची मापे अशी आहेत की, ती प्रत्येकाची निराळी असतात. मोठ्याची मूठ मोठी, लहानाची लहान. म्हणून मुठीच्या देण्यात कोणी कमी दिले, असे म्हणता येत नाही. ज्याची जेवढी मूठ, तेवढे त्याचे देणे.

आता हिशेब करू. मध्यम हाताच्या मुठीत सुमारे ४० ग्रॅम ज्वारी मावते, असे धरा. महिन्याच्या तीस मुठी म्हणजे १,२०० ग्रॅम, अर्थात सव्वा किलोच्या आतबाहेर. वर्षाला एका घराचे १४ किलो ६०० ग्रॅम होतात. एका वाढत्या मुलास दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे मानले, तर साडेबारा मुठींत त्याचा एक दिवस निभावतो. म्हणजे बारा-तेरा घरांनी रोज एकेक मूठ काढली, तर एका मुलाचे वर्षभराचे अन्न होते. आणि शंभर घरांची मूठ आठ मुलांस पुरते. आमच्या बोळात घरे सात होती. तेवढ्याने दोन मुलांचे पोट भरत नव्हते, हे उघड आहे. परंतु ज्या भाकरीवर ती शाळेत टिकून राहिली, तिचा बराच भाग त्या सात मडक्यांतून येत होता. या हिशेबात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. घरातील पाच-सहा माणसांच्या धान्यातून एक मूठ गेली, तर कोणाच्या ताटात अर्धी भाकरी कमी झाली असे होत नाही. देणाऱ्यास जी उणीव जाणवत नाही, ती एकत्र झाली म्हणजे घेणाऱ्याचे वर्ष सावरते. सवयीचे सामर्थ्य म्हणतात ते हेच.

मुठीच्या बळावर आपल्या प्रदेशात केवढे काम उभे राहिले, याचे उदाहरण फार दूर शोधावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. मिरज तालुक्यातील दूधगाव येथे १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थ्यांकरिता आश्रम काढला. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास नेले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. त्या काळी ही गोष्ट किती धाडसाची होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण त्यांच्या हस्ते झाले.

या मुलांचे अन्न कोठून येत असे? खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या घरांतून. भाऊराव अनवाणी गावोगाव हिंडत आणि लोक आपल्या खळ्यावरील, आपल्या कणगीतील धान्य त्यांच्या स्वाधीन करीत. तरीही असे दिवस येत की कोठीत काहीच उरत नसे. अशा वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने एकामागून एक मोडले, आणि शेवटी मुले उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्रही काढून दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या बोधचिन्हातील वटवृक्ष आपण पाहिला असेल. त्याच्या पारंब्या सर्वांस दिसतात. पण त्याच्या मुळाशी अशा अनेक स्त्रियांच्या मुठी आहेत, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्राबाहेरही ही सवय दिसते. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता असताना मराठी शिक्षण चालावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी घरोघरच्या तांदळाच्या मुठींवर शाळा उभी करण्याचा उद्योग झाला. पणजीतील मुष्टिफंड संस्थेच्या नावात ती आठवण आजही आहे. धान्याऐवजी पैशाची मूठ करण्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा, एवढेच मागणे घेऊन ते फिरले आणि त्या पैसाफंडातून तळेगाव येथे १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. भारताच्या ईशान्येस, मिझोरामच्या डोंगरांत, ख्रिस्ती कुटुंबांतील बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी तांदळाची एक मूठ निराळ्या भांड्यात टाकतात. तिला त्यांच्या भाषेत 'बुहफाइ थाम' असे नाव आहे. आठवड्यास ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात, आणि त्या पैशातून मंडळीची कामे चालतात. हा प्रघात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. सातारा-सांगलीची ज्वारी आणि मिझोरामचा तांदूळ, यांची भाषा निराळी, धर्म निराळा, हवा निराळी. तरी दोन्हीकडील बाईचा हात एकाच वेळी, चूल पेटण्याआधी, भांड्याकडे जातो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. मुठीने सर्व काही होते, असा कोणी समज करून घेऊ नये. दुष्काळ मुठीने हटत नाही. ज्याला दोन हात आहेत त्याला काम मिळावे, हा त्याचा हक्क आहे. त्याने कोणाच्या मडक्याची वाट का पाहावी? हा विचार कायद्यात उतरविण्याचे मोठे श्रेय तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांना आहे. त्यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राज्याने करावयाचे ते राज्याने केलेच पाहिजे. परंतु कायदा दारापर्यंत पोहोचेपर्यंत मध्ये जी एक रात्र असते, त्या रात्रीची भाकरी शेजाऱ्यानेच द्यावी लागते. मुठीचे काम त्या एका रात्रीचे आहे.

अशी रात्र आमच्यावर पुन्हा आली, ती ऑगस्ट २०१९ मध्ये. या वेळी पाणी नाही म्हणून नव्हे, पाणी फार झाले म्हणून. कृष्णामाई पात्र सोडून सांगलीत शिरली. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी सुमारे ५७ फुटांवर गेले. नदीकाठच्या पेठांतील माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. विश्रामबाग उंचावर असल्याने पुष्कळजण इकडे आले आणि शाळांतून, कार्यालयांतून, नातेवाइकांच्या ओसऱ्यांवर राहिले. महामार्ग बंद पडले होते, दूध-भाजीची टंचाई होती, आणि बाहेरगावची मदत वाटेतच अडकली होती.

आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. आमच्या घरातील काळे मडके फुटले, त्याच्या जागी बरणी आली; ज्वारीच्या जागी तांदूळ आला; चूल गेली आणि शेगडी आली. पण माझ्या पत्नीने आणि पुढे सुनेने मूठ सोडली नव्हती. बोळातील घरे सातांची अकरा झाली होती, आणि नव्याने आलेल्यांनीही ही रीत उचलली होती. त्या साली असे झाले की, उन्हाळ्याच्या सुट्टीपासून बरण्या रिकाम्या करण्याचे राहून गेले होते. त्या संध्याकाळी अकरा बरण्या एका सतरंजीवर ओतल्या, तेव्हा चाळीस किलोच्या आसपास तांदूळ निघाला. जवळच्या एका सभागृहात शे-दीडशे माणसे उतरली होती. त्यांच्यातल्याच बायका आमच्या बायकांबरोबर तांदूळ निवडावयास बसल्या, आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी सर्वांस गरम खिचडी मिळाली. तिसऱ्या दिवसापासून मदत येऊ लागली, आणि आमचे काम संपले.

महिनाभराने, पूर ओसरून लोक आपापल्या घरातील गाळ उपसण्यात गुंतले असता, एक वृद्ध बाई आमच्या दारी आल्या. त्या रात्री तांदूळ निवडणाऱ्यांत त्या होत्या. त्यांच्या घराच्या भिंती अजून ओल्याच होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि कागदाची एक लहान पुडी सुनेच्या हातावर ठेवली. तीत मूठभर तांदूळ होता. त्या म्हणाल्या, "मदतीचं पोतं मिळालं. त्यातली ही पहिली मूठ. तुम्हीच त्या दिवशी सांगितलंत ना, आधी मूठ, मग चूल. म्हणून आज चूल पेटवायच्या आधी आले." सुनेने ती पुडी बरणीत रिकामी केली. त्या बाई चहाही न घेता गेल्या. घरी चूल पेटावयाची होती.

माझ्या वर्गातील तो मुलगा आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. सातवीनंतर ते दोघे भाऊ गावी परतले. त्याला माझे मडके कधी कळले नाही, आणि त्याची भाकरी मी कधी विसरलो नाही. आजीचे म्हणणे खरे होते, असे आता वाटते. नाव न सांगता दिले म्हणजे घेणाऱ्यास मान खाली घालावी लागत नाही. आणि म्हणूनच, आपल्याजवळ एक तुकडा असला तरी तो दुसऱ्यास मोडून देण्याची त्याची हिंमत शाबूत राहते.

पालकांना एक विनंती आहे. मुलांना दानाविषयी व्याख्यान देण्याची आवश्यकता नाही. स्वयंपाकघरात एक भांडे ठेवा आणि सकाळची मूठ मुलांच्या हाताने टाकवा. ती कोणास गेली, हे मुलांना सांगू नका. शाळेतही त्याची यादी वाचली जाऊ नये.

विद्यार्थ्यांनी हा धडा वाचून पुढील अभ्यास करावा. आपल्या मुठीत किती ग्रॅम धान्य मावते, ते तराजूवर पाहावे. आपल्या घराची वर्षाची मूठ किती होईल, त्याचे गणित वहीत मांडावे. आजी-आजोबांना चिपटे, मापटे, पायली यांविषयी विचारावे, आणि त्यांच्या घरी असे मडके होते काय, हेही विचारावे. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असेल. कोणी विचारीत नाही म्हणून ते बोलत नाहीत.

आणि एवढा अभ्यास झाल्यावर, उद्या सकाळी शेगडी पेटण्यापूर्वी, आपला हात एकदा त्या डब्यात घालावा. मूठ लहान असेल तर दोन टाकाव्यात.